घराची फरशी आणि क्षेत्रफळाचे गणित

प्राथमिक शाळेच्या वरच्या वर्गांत क्षेत्रफळ हे प्रकरण शिकवून झाले म्हणजे लांबी गुणिले रुंदी हे सूत्र मुलांच्या तोंडी बसते. परीक्षेतील उदाहरणेही ती बिनचूक सोडवितात. परंतु त्याच मुलाच्या घरी फरशी बसवावयाची ठरली, की हिशेब गवंडी सांगेल तो, आणि माल दुकानदार देईल तितका, अशी स्थिती दिसून येते. वडील अनुभवी असतात पण आकडेमोडीस बिचकतात. मुलगा आकडेमोड जाणतो पण आपल्या पाटीवरील आयत आणि समोरची खोली यांचा संबंध आहे हे त्याच्या ध्यानात येत नाही. हा संबंध कसा जोडून द्यावा, व सूत्रापलीकडे कोणत्या गोष्टी शिकवाव्या लागतात, याचा विचार या लेखात केला आहे.

हा विषय निवडण्याचे कारण केवळ शैक्षणिक नाही. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर ठरविले आहे, आणि सपाट प्रदेशातील कुटुंबास मिळणारे मूळ साहाय्य १ लक्ष २० हजार रुपये आहे. एका चौरस मीटरात १०.७६४ चौरस फूट असतात. तेव्हा हे घर सुमारे २६९ चौरस फुटांचे झाले. पुढे केलेल्या हिशेबाच्या मानाने पाहता एवढ्या जमिनीस २८ हजार रुपयांच्या घरात खर्च येतो, म्हणजे साहाय्याचा जवळजवळ चौथा हिस्सा. इतक्या रकमेच्या कामात अंदाज चुकला तर दरवाजा, खिडकी किंवा गिलावा अर्धवट राहतो.

पूर्वीच्या घरांत हा प्रश्न उद्भवत नसे. भुई शेणाने सारवली जाई. शेण गोठ्यातले, माती शेतातली आणि श्रम घरच्या बायकांचे. किती घमेली लागतील हे त्यांना हाताच्या अंदाजाने ठाऊक असे. घराचे मापही खणांत सांगत. दोन तुळयांमधील अंतर म्हणजे खण. परंतु तुळयांमधील अंतर घरोघर निराळे, म्हणून दहा खणांचे घर म्हटल्याने घराचा थाट कळे, चौरस फूट कळत नसत. सारवण्यास ते कळण्याची गरजही नव्हती. विकत आणलेली फरशी मात्र मापानेच येते, आणि चूक झाली तर ती पैशांतच मोजावी लागते.

मोजमाप

प्रथम खोली मोजावयाची. माप भिंतीच्या आतील बाजूने, गिलावा झाल्यानंतर घ्यावे. गिलाव्यापूर्वी घेतलेले माप दोन्ही अंगांनी मिळून इंच-दीड इंचाने कमी होते व मग फरशीचा कापही बदलतो. टेप एकाने धरावी, दुसऱ्याने वाचावी आणि तिसऱ्याने लिहून घ्यावे. मुलांचे तिघातिघांचे गट पाडल्यास हे काम चांगले होते.

येथे एक चूक इतक्या वेळा आढळते की तिच्यासाठी एक स्वतंत्र तास द्यावा. १४ फूट ६ इंच हे माप मुले १४.६ असे लिहितात आणि दशांश अपूर्णांकांचा गुणाकार करून मोकळी होतात. फुटात इंच बारा असतात, दहा नव्हेत. म्हणून १४ फूट ६ इंच म्हणजे १४.५ फूट. दहा व अकरा इंचांच्या बाबतीत तर अनर्थच होतो, कारण १० फूट १० इंच हे १०.१० असे लिहिले की त्याची किंमत दहा फूट सव्वा इंचाहूनही किंचित कमी ठरते. एका माजघराची लांबी १४ फूट ६ इंच व रुंदी १० फूट १० इंच आहे असे समजा. चुकीच्या रीतीने १४.६ गुणिले १०.१० म्हणजे १४७.४६ चौरस फूट येतात. खरी रीत अशी की दोन्ही मापांचे इंच करावेत: १७४ गुणिले १३० म्हणजे २२,६२० चौरस इंच. त्यास १४४ ने भागले असता १५७ चौरस फूट व थोडे अधिक. फरक जवळजवळ १० चौरस फुटांचा पडला, आणि तो एका टिंबामुळे. १४४ ने का भागावयाचे, १२ ने का नाही, हे विचारले असता बरीच मुले निरुत्तर होतात. जमिनीवर खडूने एक फूट बाजूचा चौरस आखून त्यात इंचाइंचाच्या रेघा मारून दाखविल्यास पुन्हा सांगावे लागत नाही.

आपल्या देशात १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे स्वीकारली गेली, आणि शाळेत आपण तीच शिकवितो. तथापि गवंड्याचे बोलणे आजही फूट-इंचांत चालते व कारखान्यातून येणारा माल मिलिमीटरांत. दोन्ही भाषा मुलांस आल्या पाहिजेत. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, हा एकच आकडा पाठ असला तरी बाकीचे त्यातून काढता येते.

दुसरी बाब खोलीच्या आकाराची. मातीच्या किंवा दगडी भिंतींच्या जुन्या घरात समोरासमोरच्या भिंती सारख्या निघतीलच असे नाही. खोली एका टोकास ११ फूट ६ इंच व दुसऱ्या टोकास १२ फूट रुंद असून १६ फूट लांब असेल, तर तो समलंब चौकोन होय. सरासरी रुंदी ११ फूट ९ इंच, म्हणून क्षेत्रफळ १८८ चौरस फूट. पुस्तकात निर्जीव वाटणारे समलंब चौकोनाचे सूत्र येथे कामास येते. मजुरीचा हिशेब या सरासरीने करावा. माल मागविताना मात्र १२ फुटांचीच बाजू ध्यानात ठेवावी, कारण रुंद टोकाकडे फरशी कमी पडून चालत नाही.

याहून फसवा प्रकार म्हणजे बाजू सारख्या पण कोन काटकोन नाही. अशा वेळी दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे नसतील तर खोली गुण्यात नाही असे गवंडी म्हणतात. १२ फूट व १० फूट बाजूंच्या खोलीचा एक कर्ण १६ फूट व दुसरा सुमारे १५ फूट ३ इंच निघाला असे समजा. कर्णांत नऊ इंचांचा फरक असूनही क्षेत्रफळ १२० चौरस फुटांऐवजी सुमारे ११९.८५ भरते. म्हणजे क्षेत्रफळाच्या दृष्टीने काहीच बिघडले नाही. परंतु फरशीची पहिली ओळ एका भिंतीस सरळ धरली, तर बाजूच्या भिंतीलगत दहा फुटांच्या अंतरात तब्बल सहा इंचांची तिरपी पाचर राहते, आणि तेथील प्रत्येक तुकडा निराळ्या मापाने कापावा लागतो. क्षेत्रफळ सर्व काही सांगत नाही, हे दाखविण्यास याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. कोपरा तपासण्याची ३, ४, ५ ची युक्ती गवंड्यास सूत्र न शिकताही माहीत असते: एका भिंतीवर तीन फूट, दुसरीवर चार फूट खूण करावी व खुणांमधील अंतर पाच फूट भरते का ते पहावे. मुलांनी ती गवंड्याकडूनच शिकून यावी.

मोजताना दरवाज्यांच्या उंबऱ्याखालील जागा, भिंतीतील कोनाडे, मधला खांब आणि स्वयंपाकाचा ओटा यांची नोंद वेगळी ठेवावी. ओट्याखाली फरशी बसवावयाची की नाही, हे आधी ठरविले नाही तर पुढे त्यावरून हमखास वाद होतो. काटकोनी कमानीच्या आकाराची खोली असेल तर तिचे दोन आयत करून बेरीज घ्यावी. हे मुलांस येतेच, त्याचा विस्तार नको.

ब्रासचा घोटाळा

बांधकामाच्या भाषेत ब्रास हा शब्द दोन अर्थांनी चालतो, आणि त्यावरून सुशिक्षित माणसेही गोंधळतात. फरशी, गिलावा यांच्या कामात एक ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. वाळू, खडी, मुरूम यांच्या खरेदीत एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. शब्द एक, परंतु एक माप पृष्ठाचे व दुसरे आकारमानाचे. मुलांस या दोहोंतील संबंध पुढील उदाहरणाने समजावून द्यावा.

फरशीखाली दीड इंच जाडीचा सिमेंट-वाळूचा थर घालावयाचा आहे. एक ब्रास जमिनीस हा थर किती घनफुटांचा होईल? १०० चौरस फूट गुणिले दीड इंच, म्हणजे एक अष्टमांश फूट. उत्तर साडेबारा घनफूट. म्हणजे जमिनीच्या एका ब्रासला थराचा अष्टमांश ब्रास लागतो. परंतु हे ओल्या, दाबून बसलेल्या थराचे माप झाले. कोरडा माल पाणी घालून कालविला की आटतो, म्हणून कोरडे माप सुमारे एक तृतीयांशाने अधिक धरतात: १६ ते १७ घनफूट. एकास सहा असे प्रमाण घेतल्यास त्यात वाळू सुमारे १४ घनफूट व सिमेंट सव्वादोन-अडीच घनफूट. ५० किलोच्या गोणीत सुमारे ३५ लिटर, म्हणजे सव्वा घनफुटाच्या आतबाहेर सिमेंट मावते. तेव्हा ब्रासमागे दोन गोण्या हा गवंड्याचा तोंडी अंदाज हिशेबास उतरतो. गवंड्याचे ठोकताळे असे तपासून पाहण्यात मुलांना फार गोडी वाटते. ते बहुधा बरोबर निघतात, आणि त्यामुळे कारागिराविषयी आदरही वाढतो.

तुकड्यांचा हिशेब

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. फरशी क्षेत्रफळाने विकली जात असली तरी ती बसते तुकड्यांनी. खोलीचे क्षेत्रफळ एका फरशीच्या क्षेत्रफळाने भागले की फरश्यांची संख्या येते, असे मुले समजतात. तुटक्या तुकड्यांना तुकडे जोडून जमीन भरावयाची असती तर ते खरे ठरले असते.

गुजरातेतील मोरबी व इतर ठिकाणांहून येणारी जी टाइल बाजारात दोन बाय दोन म्हणून ओळखली जाते, तिच्या पेटीवर ६०० × ६०० मिलिमीटर असे छापलेले असते. दोन फूट म्हणजे जवळजवळ ६१० मिलिमीटर. म्हणजे एक टाइल ४ चौरस फुटांची नसून सुमारे ३.८७५ चौरस फुटांची आहे, आणि चार टाइलींची पेटी १६ नव्हे, साडेपंधरा चौरस फुटांची. मोठ्या कामात प्रत्येक बत्तीस पेट्यांमागे एक पेटी येथेच कमी पडते. दुकानदार लबाडी करतो असे समजण्याचे कारण नाही. तो बोलतो फुटांत आणि माल आहे मिलिमीटरांत, इतकेच.

आता एक स्वयंपाकघर घ्या: लांबी ९ फूट २ इंच, रुंदी ७ फूट २ इंच. ११० गुणिले ८६ म्हणजे ९,४६० चौरस इंच, अर्थात सुमारे ६५.७ चौरस फूट. ३.८७५ ने भागिले तर १७ टाइली पुरे होतात असे दिसते. दहा टक्के नुकसान धरण्याचा प्रघात आहे, म्हणून फार तर १९.

मुलांनी हीच खोली कागदावर मांडावी. दहास एक या प्रमाणाने लांबी २७.९ सेंटिमीटर व रुंदी २१.८ सेंटिमीटर होते. रद्दी वर्तमानपत्राचे ६ सेंटिमीटर बाजूचे चौरस कापून या आयतात ठेवावयास सांगावे. लांबीत चार पूर्ण टाइली व रुंदीत तीन, मिळून बारा टाइली अखंड बसतात. मग सांधे धरून लांबीच्या टोकास सुमारे ३९ सेंटिमीटरांची व रुंदीच्या टोकास सुमारे ३८ सेंटिमीटरांची खरी पट्टी उरते. ही पट्टी अर्ध्या टाइलीहून, म्हणजे ३० सेंटिमीटरांहून रुंद आहे. त्यामुळे एका टाइलीतून तिचा एकच तुकडा निघतो, दुसरा निघत नाही. एका बाजूचे चार तुकडे व दुसऱ्या बाजूचे तीन, यांस सात टाइली, आणि कोपऱ्यास आणखी एक. एकूण वीस. सतरांचा हिशेब वीसवर गेला, दहा टक्क्यांची सोडही पुरली नाही.

येथे शिक्षकाने थांबावे व मुलांना विचार करू द्यावा. उरलेली पट्टी अर्ध्या टाइलीहून किंचित लहान असती तर? एका टाइलीतून दोन तुकडे निघाले असते. म्हणजे नुकसान शेकड्यावर अवलंबून नाही. भागाकारानंतर बाकी किती राहते यावर ते अवलंबून आहे. भागाकारातील बाकी मुले एरवी उपेक्षेने बाजूस लिहितात. येथे तीच पैसे मागते.

वाया गेले असे वाटणारे तुकडेही मुलांनी टाकू नयेत, असे बजावून ठेवावे. आठ टाइली कापल्यावर प्रत्येकीची सुमारे २१ सेंटिमीटर रुंद व ६० सेंटिमीटर लांब पट्टी शिल्लक आहे. आता भिंतीच्या पायथ्यास जी चार इंच उंचीची पट्टी लावतात, जिला गवंडी स्कर्टिंग म्हणतात, तिचा विचार करा. स्वयंपाकघराची परिमिती ३२ फूट ८ इंच. त्यातून तीन फुटांचा एक दरवाजा वजा केला तर २९ फूट ८ इंच, म्हणजे सुमारे ९ मीटर. ६० सेंटिमीटर लांबीच्या अशा सोळा पट्ट्या लागतील. शिल्लक आठ तुकड्यांची उभी दोन-दोन शकले केली की बरोबर सोळा पट्ट्या मिळतात, आणि कटरच्या पात्याची जाडी गेली तरी चार इंच उंची राहते. वीस टाइलींत जमीनही झाली व स्कर्टिंगही झाले. क्षेत्रफळाने ताळा पहा: जमीन ६५.७ व स्कर्टिंग ९.९, मिळून ७५.६ चौरस फूट. वीस टाइलींचे ७७.५. वाया गेले ते जेमतेम दोन चौरस फूट.

एखादा चौकस विद्यार्थी असेही सुचवील की उरलेली पट्टी एकाच भिंतीस न ठेवता दोन्ही भिंतींस निम्मी-निम्मी वाटावी. तसे केल्यास तुकडे १९ सेंटिमीटरांचे होतात, एका टाइलीतून तीन निघतात, व जमीन अठरा टाइलींत भरते. त्याचे कौतुक करावे. पण मग स्कर्टिंगसाठी तुकडे उरत नाहीत व तीन टाइली आणखी आणाव्या लागतात, हेही त्यालाच शोधू द्यावे. मांडणी दोन्ही अंगांस सारखी दिसते हा लाभ आहे, कापण्याची मजुरी वाढते हा तोटा. चांगला गवंडी माल लावण्यापूर्वी टाइली कोरड्या मांडून पाहतो, तो हाच विचार करीत असतो.

बाराव्या शतकातील भास्कराचार्यांच्या लीलावतीत क्षेत्रव्यवहाराबरोबरच विटांच्या राशींचे व करवतीने चिरण्याच्या कामाचे गणित स्वतंत्र प्रकरणांत दिले आहे. चिरण्याचे मोल कापलेल्या पृष्ठाच्या क्षेत्रफळावरून काढण्याची रीत त्या काळी गणिताच्या ग्रंथात घालण्याजोगी मानली गेली होती, ही गोष्ट वर्गात सांगण्यासारखी आहे.

नैसर्गिक दगडाच्या फरशीस हे नियम थोडे सैल लागू होतात. कर्नाटकातील शहाबादची फरशी, राजस्थानातील कोटा किंवा आंध्र प्रदेशातील कडप्पा हे दगड निरनिराळ्या मापांत मिळतात, म्हणून खोलीस जुळेल असे माप निवडून बाकी कमी करता येते. त्यांची जाडी एकसारखी नसते, तेव्हा खालचा थर अधिक लागतो. घोटाई करून घ्यावयाची असल्यास तिचा दर चौरस फुटास निराळा धरावा लागतो. हे सर्व चुनखडीच्या जातीचे दगड असल्यामुळे लिंबू-चिंचेच्या आंबटाने त्यांची चकाकी जाते, हे स्वयंपाकघराची फरशी निवडताना घरातील बाईमाणसांस आधी सांगितलेले बरे.

अंदाजपत्रक

वरचे माजघर व स्वयंपाकघर या दोहोंस टाइली बसवावयाच्या आहेत असे धरून अंदाजपत्रक करू. दर गावोगावी व वर्षावर्षाने बदलतात; येथे घेतलेले दर हिशेबाच्या सोयीसाठी कल्पिलेले आहेत. शिक्षकांनी आपल्या तालुक्याच्या बाजारातून मुलांकरवी दर मागवून तेच घालावेत.

माजघर १५७ चौरस फूट व स्वयंपाकघर ६६, एकूण २२३ चौरस फूट. माजघराची मांडणी कागदावर केली असता, दोन मिलिमीटरांचे सांधे धरून, जमिनीस ४२ टाइली लागतात. दोन दरवाजे वजा जाता त्याच्या स्कर्टिंगची लांबी ४४ फूट ८ इंच होते, आणि तिला उरलेले तुकडे वापरूनही ४ टाइली लागतात. स्वयंपाकघराच्या २० मिळून ६६. फुटतुटीसाठी २ अधिक घेतल्या की ६८, म्हणजे बरोबर १७ पेट्या. दुकानातील नेहमीच्या रीतीने २२३ मध्ये दहा टक्के मिळवून १६ ने भागिले असते तर १६ पेट्यांतच भागते असे उत्तर आले असते. मग काम संपता संपता दोन टाइली कमी, आणि पुन्हा दुकानाकडे धाव. दुसऱ्या खेपेस आणलेल्या टाइलीची रंगछटा पहिलीशी जुळेलच असे नसते, म्हणून ही उणीव भाड्याच्या पैशांपुरती राहत नाही.

पेटीस ७०० रुपये धरले तर माल ११,९०० रुपयांचा. जमिनीची मजुरी चौरस फुटास २५ रुपयांप्रमाणे ५,५७५. दोन्ही खोल्यांचे स्कर्टिंग ७४ फूट ४ इंच. ते लांबीने, म्हणजे रनिंग फुटाने मोजतात, फुटास १५ रुपयांप्रमाणे १,११५. सिमेंट सव्वाचार-साडेचार गोण्या लागते, अर्थात ५ गोण्या, ४०० रुपयांप्रमाणे २,०००. वाळू सुमारे ३२ घनफूट, म्हणजे ब्रासचा तिसरा हिस्सा. ब्रासला ६,००० धरल्यास २,०००. वाहतूक व उतराई ६००. एकूण २३,१९० रुपये.

या रकमेस २२३ ने भागावयास सांगावे. चौरस फुटास १०४ रुपये पडले. दुकानात पेटीची किंमत १६ ने भागून चौरस फुटास ४४ रुपये सांगितली गेली होती! पुष्कळ कुटुंबे या ४४ च्या आकड्यावर विसंबून काम काढतात आणि निम्म्या वाटेवर पैसे संपतात. दोन्ही आकडे खरेच आहेत. एक दुकानातील मालाचा आणि एक घरात बसलेल्या फरशीचा. दर विचारताना तो चौरस फुटाचा, चौरस मीटरचा की पेटीचा, कर धरून की वेगळा, उतराई कोणाकडे, हे तेथल्या तेथे कागदावर लिहून घेण्याची सवय मुलांस लावावी. चौरस मीटरला ५०० रुपये हा दर चौरस फुटाला ५० रुपयांहून स्वस्त आहे की महाग, असा प्रश्न वर्गात टाकून पहावा. पुष्कळ हात चुकीच्या बाजूने वर होतील. उत्तर सुमारे साडेसेहेचाळीस रुपये येते.

मजुरीविषयी एक गोष्ट आवर्जून सांगावयास हवी. मजुरी बसविलेल्या जमिनीवर द्यावयाची असते, विकत आणलेल्या मालावर नव्हे. आणि काम झाल्यावर गवंड्याच्या समक्ष पुन्हा माप घ्यावे. उंबरे, पायऱ्या, खांबाभोवतीची कापाकापी यांचे मोल क्षेत्रफळात मावत नाही. पायरीचे क्षेत्रफळ दोन-तीन चौरस फूटच असते, पण तिच्या कडा घासून सरळ करण्यात अर्धा दिवस जातो. अशा कामाचा दर नगावर ठरवावा. मुलगा टेप घेऊन उभा राहिला म्हणजे गवंड्यास आपल्यावर पहारा बसविला असे वाटू नये, याची काळजी शिक्षकांनी घ्यावी. पुष्कळ गावांत गवंड्याचीच मुले त्याच वर्गात बसलेली असतात. त्यांच्या वडिलांस एक दिवस शाळेत बोलावून व्हरांड्याच्या जमिनीवर कोरडी मांडणी करून दाखविण्याची विनंती केली, तर ती सहसा अव्हेरली जाणार नाही. आणि त्या मुलास वर्गात जो मान मिळेल तो निराळाच.

शाळेत प्रत्यक्ष काम निघाले नसले तरी अडचण नाही. वर्गखोली, व्हरांडा, पाण्याच्या टाकीभोवतीचा कठडा यांची मापे घेऊन प्रत्येक गटाने निराळ्या मापाची टाइल निवडून अंदाजपत्रक तयार करावे. एकाच खोलीस ३०० मिलिमीटरांची टाइल व ६०० मिलिमीटरांची टाइल घेतली असता नुकसान कोणत्यात कमी, सांधे कोणत्यात अधिक, याची तुलना मुलांनी वर्गात मांडावी. उत्तरे वेगवेगळी येतील. ती सर्व बरोबर असू शकतात, फक्त प्रत्येक गटाने आपली मांडणी कागदावर दाखविली पाहिजे. ज्यांच्या घरी खरोखर काम काढावयाचे आहे त्या मुलांनी कच्चा आराखडा घरी दाखवून वडीलधाऱ्यांची संमती घ्यावी, आणि माल येईल त्या दिवशी पेट्या उघडण्यापूर्वी त्यांवरील माप व रंगछटेचा क्रमांक वहीत उतरून ठेवावा. सर्व पेट्यांवर तो एकच असला पाहिजे. नसेल तर माल उतरवून घेण्यापूर्वीच बदलून मागावा. काम संपल्यावर उरलेल्या दोन टाइली कोणास देऊन टाकू नयेत, माळ्यावर उभ्या ठेवाव्यात. चार-पाच वर्षांनी खलबत्ता पडून एखादी टाइल तडकली म्हणजे तसलीच टाइल बाजारात मिळत नाही.